शंभर कप्पे आणि एक पाय

गिटारवादकाने पायाशी कोणते यंत्र ठेवावे हा साहित्याच्या अभ्यासकांचा प्रश्न नव्हे, असे मानणारे वाचक येथेच थांबतील, याची आम्हांला कल्पना आहे. जे थांबणार नाहीत त्यांच्यासाठी आमचे प्रतिपादन आरंभीच मांडतो. इलेक्ट्रिक गिटारच्या इफेक्ट पेडलांसाठी फूटस्विच कंट्रोलर निवडणे ही वरवर खरेदीची बाब दिसते. परंतु तिच्या पोटात रचना आणि सादरीकरण यांच्या नात्याविषयीची एक भूमिका दडलेली असते. कोणते निर्णय घरी बसून घ्यायचे आणि कोणते श्रोत्यांसमोर उभे राहून, हे त्या निवडीबरोबर ठरून जाते. आज ही निवड ज्या निकषावर केली जाते, म्हणजे बटणे किती आणि प्रीसेट किती, तो निकष स्वातंत्र्याच्या एका खोट्या कल्पनेवर उभा आहे. त्या कल्पनेविरुद्ध हा लेख आहे.

१.

प्रथम आमच्याच गोटातील आक्षेपाचा समाचार घेऊ. तंत्र बाहेरचे आणि प्रतिभा आतली, अशी एक वाटणी आपल्याकडील साहित्यविचारात इतकी मुरली आहे की ती वाटणी आहे हेही आपण विसरलो आहोत. या वाटणीनुसार वाद्य म्हणजे कलावंताच्या हातातील निर्जीव वस्तू; आणि पायाखालचे पेडल तर त्या वस्तूवर चढवलेला दागिना. खरा वादक पेडलांवाचूनही वाजवेल, असे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. वाजवेलच, पण तो तेच वाजवेल काय, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

इतिहास काय सांगतो पाहा. १९६१ साली गाजलेल्या मार्टी रॉबिन्सच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्यात ग्रेडी मार्टिनच्या बास गिटारचा आवाज अकस्मात फाटतो. नॅशव्हिलमधील त्या ध्वनिमुद्रणात मिक्सिंग कन्सोलचा एक भाग बिघडलेला होता, त्याचा हा परिणाम. तो तुकडा गाण्यात तसाच ठेवला गेला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी पुढे तोच बिघाड ट्रान्झिस्टरच्या साहाय्याने मुद्दाम घडवणारे सर्किट तयार केले आणि १९६२ साली गिब्सन कंपनीने ते ‘माएस्ट्रो फझ-टोन’ या नावाने बाजारात आणले. १९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये कीथ रिचर्ड्‌सने ते वापरले आणि बिघाडाची शैली झाली. या कथेतील बिघाडाकडे सर्वांचे लक्ष जाते. आमचे लक्ष त्या पेटीवरील बटणाकडे आहे. बिघडलेला कन्सोल स्वतःच्या मर्जीने बिघडतो. फझ-टोन वादकाच्या पायाने बिघडत होता आणि पायानेच दुरुस्त होत होता. दोष हाकेला ओ देऊ लागला, त्या क्षणी तो भाषेचा भाग झाला.

वाह-वाह पेडलची कथाही अशीच बोलकी आहे. १९६६ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील थॉमस ऑर्गन कंपनीत ब्रॅड प्लंकेट हे अभियंते व्हॉक्स ॲम्प्लिफायरमधील एका स्विचच्या जागी फिरती खुंटी बसवता येईल का, ते पाहत होते. खुंटी फिरवताना ऐकू आलेल्या आवाजातून नवे उपकरण सुचले आणि त्यासाठी ऑर्गनचा आवाज कमीजास्त करणारी पायपट्टी वापरण्यात आली. येथे पाय ‘चालू’ आणि ‘बंद’ एवढेच बोलत नाही. टाच आणि चवडा यांच्यामधल्या असंख्य स्थितींतून तो जणू स्वर उच्चारतो. १९६८ साली जिमी हेंड्रिक्सच्या ‘व्हूडू चाइल्ड (स्लाइट रिटर्न)’च्या आरंभी जे ऐकू येते ते हात आणि पाय यांचे संयुक्त लेखन आहे. त्यातून पाय वजा केला तर उरणारी वस्तू वेगळी असेल.

मराठी वाचकाला हे नवलाचे वाटू नये. आपल्या संगीत रंगभूमीने पायपेटी आणि ऑर्गन वर्षानुवर्षे ऐकले आहेत. बालगंधर्वांच्या गाण्याची आठवण निघाली की हरिभाऊ देशपांड्यांच्या ऑर्गनचा उल्लेख आपोआप येतो. त्या वाद्याचा श्वास पायांनी भरला जात असे. पायाचा दाब बदलला की सुराची घनता बदलत असे. आपण मात्र त्या संगीताविषयी लिहिताना बोटे, कंठ आणि भाव एवढेच लिहिले. पायांविषयी न लिहिण्याची ही परंपरा आपण आता गिटारवादकालाही लागू करीत आहोत, एवढेच.

२.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. कारण आमचा खरा वाद यंत्र नाकारणाऱ्यांपेक्षा यंत्राची गणती करणाऱ्यांशी आहे.

अडचण खरी आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. गिटार आणि ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये पाच-सहा पेडल ओळीने जोडले की प्रत्येकाचे बटण वेगळे. गाण्याचा अंतरा संपून ध्रुवपद येताना एक आवाज बंद करून दुसरे दोन चालू करायचे असतील तर एका ठोक्यात तीन बटणे दाबावी लागतात. आणि माणसाला पाय दोन, त्यांपैकी एकावर उभे राहायचे असते. शिवाय प्रत्येक पेडल आणि प्रत्येक वीत-दीड वीत केबल आवाजावर काही ना काही कर लावते. गिटारच्या केबलची धारकता मीटरमागे साधारण शंभर पिकोफॅरड असते; केबल लांबत गेली की पिकअपमधून येणाऱ्या आवाजातील वरच्या कंप्रतेचे अंश गळत जातात आणि आवाज गोधडी पांघरल्यासारखा येतो. मधे बफर ठेवला तर ही गळती थांबते. पण १९६६ साली लंडनहून आलेल्या ‘फझ फेस’सारख्या दोन ट्रान्झिस्टरांच्या पेडलला आपल्या पुढे बफर चालत नाही, त्याचा थेट पिकअपशी संवाद हवा असतो, नाहीतर त्याचा आवाज कर्कश होतो. म्हणजे क्रम लावणे हेही वाक्यरचनेचेच काम आहे. शब्द तेच, जागा बदलली की अर्थ बदलतो.

या अडचणीतून तीन वाटा निघाल्या. पहिली, काहीच न करता पेडल कमी ठेवणे. दुसरी, सर्व पेडल एका लूप स्विचरला जोडून एका बटणावर अनेक पेडल एकदम आत-बाहेर करणे. ब्रिटनमध्ये पीट कॉर्निश यांनी १९७० च्या दशकात आणि अमेरिकेत बॉब ब्रॅडशॉ यांनी १९८० च्या दशकात नामांकित वादकांसाठी अशा मांडण्या घडवल्या. आज बॉसच्या ईएस-८ सारखे आठ लूपचे यंत्र कुणालाही दुकानातून आणता येते. तिसरी वाट मिडी फूट कंट्रोलरची. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील नॅम प्रदर्शनात सीक्वेन्शियल सर्किट्‌सचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ हे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका केबलने जोडून दाखवले गेले, तेव्हा ही भाषा जगासमोर आली. मिडीच्या केबलमधून आवाज जात नाही. जातात त्या आज्ञा. ‘अमुक क्रमांकाची मांडणी लाव’ एवढीच आज्ञा. क्रमांक १२८, वाहिन्या १६, आणि अशी एक आज्ञा पोहोचायला एक मिलिसेकंदही लागत नाही. पायाच्या एका दाबात सहा उपकरणे एकाच वेळी नवी मांडणी घेतात.

सोय मोठी आहे आणि ती आम्ही नाकारीत नाही. आमचे भांडण त्या सोयीचे जे तत्त्वज्ञान बनवले गेले त्याच्याशी आहे.

३.

आमच्या माहितीतील एका महाविद्यालयाने विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदासाठी असे यंत्र घेतले. खरेदी समितीपुढे तुलनात्मक तक्ता ठेवला गेला. त्यात रकाने होते : किंमत, बटणांची संख्या, प्रीसेटची संख्या, हमीची मुदत. कोणती गाणी वाजवायची आहेत, हा रकाना नव्हता. अर्थातच कमी किमतीत जास्त कप्पे देणारे यंत्र मंजूर झाले. वर्षभर विद्यार्थ्यांनी त्यातील तीन कप्पे वापरले. उरलेल्या कप्प्यांमुळे फक्त एवढे झाले की स्नेहसंमेलनाच्या दिवशी भलतीच बँक लागून दुसऱ्या गाण्याची सुरुवात तिसऱ्या गाण्याच्या आवाजात झाली.

या तक्त्यात जे गृहीत आहे तेच वादकांच्या गप्पांत आणि विक्रेत्यांच्या जाहिरातींतही गृहीत असते : पर्याय जितके अधिक तितके स्वातंत्र्य अधिक. बेरिंगरच्या एफसीबी १०१० या बहुखप कंट्रोलरचे उदाहरण घ्या. दहा बटणे, दहा बँका, म्हणजे शंभर प्रीसेट. शिवाय दोन एक्स्प्रेशन पेडल. आकडा भव्य आहे. पण कार्यक्रमात वादकाच्या पायाखाली एका वेळी येतात ती दहाच बटणे; उरलेली नव्वद स्थाने गाठायला आधी बँक बदलावी लागते, आणि तीही एकेक पायरी वर किंवा खाली. दुसऱ्या बँकेतून नवव्या बँकेत जाताना सात वेळा पाय मारणारा वादक स्वतंत्र आहे, असे म्हणायचे असेल तर सरकारी कार्यालयात सात खिडक्या फिरणारा नागरिकही स्वतंत्रच म्हटला पाहिजे.

याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे. प्रीसेट म्हणजे नेमके काय? अनेक स्वतंत्र निर्णयांची एक बांधलेली मोळी. फझ चालू, डिले एवढा, रिव्हर्ब तेवढा, सगळे एकत्र. घरी ही मोळी बांधताना प्रत्येक काटकी वेगळी हाताळलेली असते. रंगमंचावर मात्र मोळीच हाताला लागते. त्यातली एक काटकी काढावी असे ऐन वेळी वाटले तर तशी मोळी आधीच बांधून ठेवलेली असावी लागते. म्हणून कप्पे वाढत जातात. शंभर कप्पे हे संपन्नतेचे लक्षण नसून सुट्या निर्णयाची मुभा गेल्याची ती भरपाई आहे. पाच पेडल आणि पाच बटणे असली की चालू-बंदच्या बत्तीस जुळण्या होतात, आणि त्या सगळ्या बँक न बदलता पायाशी असतात. हे गणित तक्त्यात येत नाही, कारण तक्त्याला कप्पे मोजता येतात, शक्यता मोजता येत नाहीत.

आणि मोळी कुठे बांधली जाते? बहुधा शयनगृहात, शेजाऱ्यांच्या भीतीने आवाज लहान ठेवून. कमी आवाजात आपल्या कानाला खर्जाचे आणि अतितार कंप्रतेचे अंश कमी ऐकू येतात, म्हणून वादक ते वाढवून ठेवतो. तोच प्रीसेट सभागृहात मोठ्या आवाजात लावला की खर्ज घुमतो आणि वरचा अंश कानात टोचतो. सुट्या पेडलवर वाकून एक खुंटी फिरवली की काम भागते. प्रीसेटवाल्याला मात्र कप्प्यागणिक दुरुस्ती करावी लागते. सरसकट दुरुस्तीची सोय अनेक यंत्रांत असते हे खरे, पण ती सर्व आवाजांना एकाच मापाची टोपी घालते.

येथे आम्हांला कीर्तनकार आठवतो. त्याच्याजवळही साठा असतोच : अभंग, ओव्या, श्लोक, दृष्टान्त, आख्याने. पूर्वरंगानंतर उत्तररंग येणार, हा क्रमही ठरलेला असतो. पण निरूपण करताना समोरचा समाज पाहून तो एखादा दृष्टान्त वाढवतो, एखादा गाळतो, झांजेला खूण करून चाल बदलतो. त्याचा साठा सुटा आहे, म्हणूनच तो साठ्याचा धनी आहे. साठवून ठेवण्याला आमचा विरोध नाही. घट्ट बांधून ठेवलेल्या साठ्याला लोक उत्स्फूर्तता म्हणू लागतात, त्याला आहे.

४.

यावर आमचे वादक मित्र म्हणतील की तुम्ही बंदिशीला विसरून उपजेचीच बाजू घेत आहात. आक्षेप रास्त आहे. काही संगीतात आवाजाची मांडणी हाच रचनेचा भाग असतो. यू-टू या वाद्यवृंदाचा एज हा वादक डिलेच्या पुनरावृत्तीतून लय विणतो. अशा वादनात डिलेचा काळ गाण्याच्या गतीशी बांधलेला असावा लागतो. मिनिटाला १२० ठोक्यांची गती असेल तर एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा आणि पाऊण ठोक्याचा डिले ३७५ मिलिसेकंदांचा. तो ४०० झाला तर वीण उसवते. असा आकडा रंगमंचावर अंदाजाने लावणे हा आडमुठेपणा ठरेल. तो साठवूनच ठेवला पाहिजे. तसेच जो गातही आहे त्याचे तोंड मायक्रोफोनला बांधलेले असते, त्याला खाली वाकणे शक्य नसते. नाटकाच्या पार्श्वसंगीतात संकेत आला की आवाज बदललाच पाहिजे. ज्याच्या पायाच्या हालचालीला मर्यादा आहे त्याला एका दाबात होणारा बदल हीच खरी मुक्ती आहे. या सर्वांनी कंट्रोलर घ्यावा, आणि चांगला घ्यावा.

पण पाहा, या प्रत्येक उदाहरणात निवडीचे कारण संगीतातून आले आहे. बंदिश असेल तर बंदिशीसाठी साठवा. आमचा विरोध आहे तो बंदिश नसताना केलेल्या साठवणुकीला. काय म्हणायचे आहे ते ठरण्याआधीच म्हणण्याच्या शंभर पद्धती विकत घेण्याला.

दुसरा आक्षेप असा की मर्यादेचे हे कौतुक म्हणजे गरिबीचे उदात्तीकरण आहे. तसे नाही. फझ फेसवर खुंट्या दोनच आणि बटण एकच. तरीही ते चालू ठेवून गिटारवरील आवाजाची खुंटी करंगळीने थोडी मागे घेतली की त्याचा फाटका आवाज जवळजवळ स्वच्छ होतो; पुन्हा पुढे केली की आग लागते. मधल्या साऱ्या छटा वादकाच्या बोटात राहतात. त्यासाठी कप्पा नको, बँक नको, स्क्रीन नको. ही समृद्धी आहे, आणि ती तक्त्यातील कोणत्याच रकान्यात बसत नाही.

५.

नुसता निषेध करून थांबणे आम्हांला मान्य नाही. म्हणून निवड कशी करावी याविषयी आमचे मत स्पष्ट सांगतो. यंत्र पाहण्याआधी वाजवायच्या गाण्यांची यादी करावी आणि प्रत्येक गाण्यात आवाज कुठे, किती वेळा, एका ठोक्यात किती जागी बदलतो ते कागदावर लिहावे. एका वेळी एकच पेडल बदलत असेल तर कंट्रोलरची गरज नाही. दोन-तीन एकदम बदलत असतील आणि पेडल आवडीचे असतील, तर लूप स्विचर घ्यावा. न लागणारे पेडल त्याने मार्गातूनच बाहेर राहतात आणि केबलची गळतीही कमी होते. डिलेचे काळ, ॲम्प्लिफायरच्या वाहिन्या आणि डिजिटल उपकरणे एकत्र हलवायची असतील तरच मिडीकडे वळावे.

यंत्रासमोर उभे राहिल्यावर पायात कार्यक्रमात घालायचीच पादत्राणे असावीत. दोन बटणांमधील अंतर बोटाने मोजून कळत नाही, बुटाने कळते. बटण दाबून धरेपर्यंतच चालते की एकदा दाबले की लागून राहते, आणि हे बदलता येते की नाही, ते विचारावे. एका स्वरापुरता परिणाम हवा असेल तर पहिला प्रकार लागतो. मांडणी बदलताना आवाजात खंड पडतो का, आणि आधीच्या डिलेचे प्रतिध्वनी मधेच तुटतात का, ते कानाने ऐकावे. अंधारात कोणती मांडणी चालू आहे हे उभ्याने वाचता येते का, ते पाहावे. संगणकाशिवाय, कार्यक्रमस्थळी, पाच मिनिटांत एक बदल करून पाहावा. जमला नाही तर ते यंत्र आपले नव्हे.

आणि शेवटी वीज. तालुक्याच्या गावी मांडवात जनरेटरवर कार्यक्रम केलेल्यांना हे सांगायला नको. वीज जाऊन आल्यावर साधे पेडल तत्क्षणी बोलू लागते. डिजिटल यंत्राला जागे व्हायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ वादक श्रोत्यांकडे पाहत उभा असतो. एका सुट्या पेडलने दम तोडला तर ते काढून केबल पुढे जोडता येते. सगळा संसार एका कंट्रोलरवर सोपवला असेल तर त्याच्या बरोबर सगळेच जाते. म्हणून यंत्र बंद पडले असता आवाज आरपार जातो की अडतो, हा प्रश्न किमतीच्या आधी विचारावा.

६.

हे सारे आम्ही साहित्याच्या वाचकांसमोर का मांडले? कारण तोच तक्ता आमच्या वर्गातही आला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ साली निवडीवर आधारित श्रेयांक पद्धती पुढे केली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तिच्यावर आणखी मजले चढवले. विद्यार्थ्यापुढे अभ्यासपत्रिकांच्या टोपल्या ठेवल्या जातात आणि टोपलीतील संख्या हीच त्याच्या मुक्ततेची खूण मानली जाते. निवड असावी, याविषयी दुमत नाही. पण ज्याने एकही कविता सावकाश वाचलेली नाही त्याच्यासमोर कवितेविषयीच्या आठ पत्रिका ठेवणे म्हणजे गाणे न ठरवता शंभर कप्पे विकत घेणे आहे. प्रत्येक टोपलीतील मोळी आधीच बांधलेली. वर्गात समोरची मुले पाहून एखादी काटकी वाढवण्याची, एखादी गाळण्याची मुभा शिक्षकाला उरत नाही. शेवटी मूल्यमापनाला तक्ता जोडावा लागतो आणि त्यात कोणते गाणे वाजवायचे आहे, हा रकाना नसतोच.

समीक्षेतही आपण हेच करीत नाही काय? सिद्धान्तांच्या बँका भरून ठेवायच्या आणि कादंबरी समोर आली की क्रमांक दाबायचा. आज्ञा क्षणात पोहोचते, लेख तयार होतो, कादंबरी मात्र वाचायची राहून जाते. सिद्धान्त नकोत असे आम्ही म्हणत नाही. ते सुटे असावेत, आणि पुढ्यातील वाक्य ऐकून त्यांची खुंटी मागे-पुढे करता यावी, एवढीच आमची मागणी आहे.

गिटार घेऊन उभ्या असलेल्या मुलाला आम्ही म्हणून हेच सांगू : आधी गाणे ठरव, मग ते कुठे वळते ते शोध, आणि त्या वळणावर तुझ्या पायाला जेवढी बटणे लागतील तेवढीच घे. बाकीचे पैसे तारांवर खर्च कर. त्या तशाही वारंवार तुटतात.